मापो टोफू घरी करताना

आमच्या पाकिटात मऊ टोफूचा 300 ग्रॅमचा तुकडा, दोउबानज्यांग (आंबवलेल्या मिरचीचा लगदा) आणि सिचुआन मिरी आहे. आलं, लसूण, पातीचा कांदा, सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घरचं घ्या.

हा पदार्थ चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडू शहराचा. 1862 च्या सुमारास तिथल्या वानफू पुलाजवळ, चेन कुटुंबाच्या खानावळीत तो पहिल्यांदा झाला असं सांगतात. आपल्याकडच्या गाडीवरच्या ‘शेजवान’ची चव डोक्यात ठेवून करू नका, हे प्रकरण वेगळं आहे.

दोउबानज्यांग म्हणजे बाकल्याचे दाणे, लाल मिरची आणि मीठ आंबवून केलेला लगदा. चेंगडूजवळच्या पिशियानचा सगळ्यांत नावाजलेला. चव, रंग, खारटपणा सगळं यातूनच येतं, म्हणून वरून मीठ घालायची घाई करू नका.

आधी टोफूचे दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा आणि किंचित मिठाच्या गरम पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा. पाणी खळखळून उकळू देऊ नका. यामुळे टोफूचा कच्चट वास जातो आणि तुकडे नंतर सहसा फुटत नाहीत.

आता कढईत तीन मोठे चमचे तेल. जास्त वाटलं तरी हात आखडू नका! मूळ पदार्थात गोमांसाचा खिमा असतो. चिकनचा चालतो, शाकाहारी मंडळींनी शिताके मशरूम बारीक चिरून घ्यावेत. खिमा किंवा मशरूम या तेलात परतून झाले की आच मंद करा आणि दीड मोठा चमचा दोउबानज्यांग घाला. पदार्थ बिघडतो तो इथे. मोठ्या आचेवर लगदा करपतो आणि कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. तेल लालभडक होऊन कडेने सुटेपर्यंत परतत राहा, मगच आलं-लसूण.

त्यावर एक कप पाणी, चमचाभर सोया सॉस, चिमूटभर साखर आणि निथळलेला टोफू. यापुढे झारा फिरवायचा नाही, कढई हलवायची किंवा उलथन्याच्या पाठीने तुकडे हलकेच ढकलायचे. पाच मिनिटं शिजलं की पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर दोन-तीन वेळा थोडं थोडं घाला. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात.

सिचुआन मिरी कोरडी भाजून, कुटून अगदी शेवटी वरून भुरभुरायची. जीभ झिणझिणली तर घाबरू नका, ते व्हायलाच हवं. बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्या कोकणी-गोवेकर घरांना हे सांगायला नको. दोन्ही झाडं एकाच कुळातली. तिरफळासारखंच इथेही फक्त टरफल वापरतात, काळ्या बिया टाकून द्यायच्या, त्या दाताखाली कचकचतात. मिरी संपली तर तिरफळाच्या टरफलावर भागवता येईल, पण त्याचा वास निराळा, म्हणून बेतानेच घाला. पातीचा कांदा घालून, वाफाळत्या साध्या भातावर वाढा.

उरलेला दोउबानज्यांग फ्रिजमध्ये ठेवा, कोरडाच चमचा घाला. कच्चा टोफू उरला तर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांत संपवा. टोफू सोयाबीनचा आहे आणि दोउबानज्यांगमध्ये गव्हाचं पीठही असतं. घरात कुणाला यांपैकी काही चालत नसेल, तर पाकीट न उघडता परत आणा, आम्ही बदलून देऊ.