खाली थेंब नाही म्हणून हेड गॅस्केट गेलं?

कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, कमी होतंय, गाडीखाली थेंब नाही, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं. हे इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं फिरतं. बाहेर गळणं वेगळं, आत सिलिंडरमध्ये जाणं वेगळं, पण ते नुसतं जमिनीकडे बघून ठरत नाही हो.

लेव्हल कशी बघायची ते तुम्हाला येतंच: इंजिन गार, मिन-मॅक्सच्या मधे, गरम असताना झाकणाला हात नाही. डॅशबोर्डवरचा कूलंटचा दिवा फक्त वळणावर लागून विझत असेल तर बहुतेक लेव्हल काठावर असते, कूलंट हिंदकळला की सेन्सरला कमी वाटतो. पुढे चला.

बारीक गळतीत कूलंट गरम इंजिनवर पडून तिथेच उडून जातो, जमिनीपर्यंत पोचतच नाही. मागे राहतो तो वाळलेला थर, गुलाबी नाहीतर हिरवट, कडेला पांढरट खपल्या. माझ्या गाडीत दर आठवड्याला कपभर कूलंट लागायचा, गॅरेजवाला हेड उघडायच्या गोष्टी करत होता आणि निघालं काय, तर वॉटर पंपच्या खालच्या बारक्या भोकातून आलेला गुलाबी ओघळ, तोही टॉर्च लावून मोबाईल आत घातला तेव्हा दिसला. हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळत असेल तर कार्पेट ओलं आणि काचेवर चिकट धुकं, तिथेही खाली थेंब नाहीच.

आत जातंय त्याची लक्षणं वेगळी. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नाही, गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात कूलंटचा रबरी होज दगडासारखा कडक होतो. ऑइलच्या झाकणाखालची दुधी साय बघून मात्र घाबरू नका, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या ओलाव्यानेही येते, डिपस्टिकवर दुधी दिसलं तर गोष्ट वेगळी. आणि डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने गार करणारा भाग) फुटला तरी कूलंट धुरात जातो, गॅस्केट ठणठणीत असताना.

म्हणून हेडला हात लावायच्या आधी प्रेशर टेस्ट करा, म्हणजे कूलंटच्या झाकणाच्या जागी काटा असलेला हातपंप लावून आत दाब भरा आणि तो टिकतो का बघा, गार इंजिनवर, झाकणावर लिहिलेल्या प्रेशरपर्यंतच. काटा पडला आणि बाहेर कुठे ओलं दिसलं तर सुटलात. सगळं कोरडं असूनही पडला तर कार्पेट चाचपा, मग प्लग काढून सिलिंडरमध्ये बघा, आणि कूलंटच्या टाकीच्या तोंडावर गॅस ओळखायचं निळं केमिकल धरा, सिलिंडरमधला जळका गॅस लागला की ते पिवळं पडतं.

काटा हललाच नाही तर झाकण बदला. टेस्टर झाकणाच्या जागी बसतो ना, त्यामुळे गळकं झाकण त्या टेस्टमध्ये सापडतच नाही.