व्हॉइसमेलला कसं कळतं, कॉल कोणासाठी होता?

छोट्या ऑफिसमधला पीबीएक्स, म्हणजे आतले वीस-पंचवीस फोन आणि बाहेरच्या चार-सहा लाइन यांची सांगड घालणारं यंत्र, वर्षानुवर्षं मुकाट चालत राहतं. मग कधीतरी व्हॉइसमेलची गरज भासते. मूळ कंपनीचं व्हॉइसमेल कार्ड महाग असतं किंवा बनायचंच बंद झालेलं असतं, म्हणून दुसऱ्या कंपनीची पेटी आणून जोडायचं ठरतं. आवाज रेकॉर्ड करायचा, त्यात काय एवढं? खरंच फार काही नाही. टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमापाला एक बाइट लागतो. मिनिटभराचा निरोप ४८० किलोबाइटमध्ये मावला. घोडं अडतं ते दुसरीकडेच: आलेला कॉल मुळात कोणासाठी होता, हे त्या पेटीला सांगणार कोण?

पीबीएक्सच्या लेखी ही पेटी म्हणजे आणखी दोन-चार साधे फोन. २०५ नंबरवर कुणी उचललं नाही, की तो कॉल पेटीच्या एखाद्या पोर्टकडे, म्हणजे लाइन जोडायच्या जागेकडे, वळवला जातो. पेटीला ऐकू येते ती फक्त रिंग. अशा वेळी ती विचारते, 'कृपया एक्सटेन्शन नंबर दाबा.' समोरच्या माणसाने तर तोच नंबर आत्ता दाबलेला असतो! तो वैतागून फोन ठेवतो आणि व्हॉइसमेल असूनही निरोप काही मिळत नाही.

यावरचा जुना आणि अजूनही कामाचा उपाय असा, की पेटीने लाइन उचलताच पीबीएक्स स्वतःच त्या लाइनवर आकडे वाजवतो. आधी एक छोटा कोड, मग २०५. 'उचललं नाही'चा कोड वेगळा, 'बिझी होता'चा वेगळा आणि २०५चा मालक स्वतःच निरोप ऐकायला आला असेल तर त्याचा तिसराच. कोणत्या कंपनीचा कोड कसा, याचं एकच एक प्रमाण नाही. त्यामुळे दोन्ही यंत्रांची पुस्तकं शेजारी उघडून सेटिंग जुळवावी लागते.

हे आकडे म्हणजे आपल्याला बटण दाबल्यावर ऐकू येणारे तेच सूर. अमेरिकेत बेल कंपनीने ही पद्धत १९६३मध्ये ग्राहकांसाठी आणली. प्रत्येक बटणाला ठरलेल्या आठपैकी दोन सूर एकदम वाजतात; ५ म्हणजे ७७० आणि १,३३६ हर्ट्‌झ. आठही कंपनसंख्या मुद्दाम अशा निवडल्या आहेत, की एक दुसरीच्या पटीत येत नाही. माणसाच्या आवाजात मूळ सुराच्या पटीतले सूर भरपूर असतात, त्यामुळे ही खबरदारी नसती तर बोलता बोलताच बटणं दाबली गेल्याचा भास यंत्राला झाला असता. एवढं करूनही तो क्वचित होतोच. ओळखण्याचं काम स्वस्तातली चिपही करते, कारण पूर्ण आवाज उलगडण्याऐवजी फक्त या आठ कंपनसंख्यांचा जोर मोजणारी गर्ट्झेल यांची १९५८ची गणिती युक्ती हाताशी आहे.

वेळ मात्र साधावी लागते. पेटी नीट ऐकू लागण्याआधीच पीबीएक्सने आकडे सोडले तर पहिला आकडा गळतो आणि निरोप भलत्याच्या खात्यात जातो, नाहीतर कुणाच्याच नाही. अशी तक्रार आली की आकड्यांआधीचा विराम वाढवून पाहावा. बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं.

काही प्रणालींत ही माहिती आवाजाच्या लाइनवरून न जाता वेगळ्या सीरियल केबलवरून जाते. काही पेट्या त्याहून चलाख. त्या पीबीएक्सच्याच कंपनीचा डिजिटल फोन असल्याचं सोंग घेतात आणि त्या फोनच्या डिस्प्लेवर येणारा मजकूर वाचतात. युक्ती सुरेख आहे, पण मजकुराची मांडणी जरा बदलली की संपलं. इंटरनेटवरून चालणाऱ्या एसआयपी फोनमध्ये कॉलसोबतच 'हा मूळ कोणाचा' अशी नोंद येते. पण ती लिहिण्याच्याही दोन पद्धती आहेत. पीबीएक्स एक लिहीत असेल आणि व्हॉइसमेल दुसरी शोधत असेल, तर पुन्हा तोच 'एक्सटेन्शन नंबर दाबा'.

उलटा प्रवासही आहेच: निरोप आलाय हे फोनवरच्या दिव्याला कळायला हवं. पेटी स्वतः एक लाइन उचलते, ठरलेला कोड आणि २०५ फिरवते, मग पीबीएक्स दिवा लावतो. ज्या फोनला दिवाच नाही, तिथे रिसीव्हर उचलल्यावर तुटक डायल टोन ऐकू येतो. विझवण्याचा कोड चुकला तर निरोप पुसूनही दिवा जळतच राहतो, आणि चार दिवसांत लोक त्याच्याकडे बघणंच सोडतात.

समोरच्याने फोन ठेवला, हे पेटीला कळणंही गृहीत धरू नये. चांगला पीबीएक्स लाइनचा प्रवाह क्षणभर तोडून तशी खूण देतो. नाहीतर बिझी टोन ओळखावा लागतो, आणि तो देशोदेशी निराळा: अमेरिकेत ४८० आणि ६२० हर्ट्‌झ एकत्र, इतर बऱ्याच देशांत ४२५च्या आसपास एकच सूर. पेटीला चुकीच्या देशाची सेटिंग असेल, तर ती मर्यादा संपेपर्यंत नुसतं बीप-बीप रेकॉर्ड करत बसते. तेवढा वेळ पोर्ट अडकलेला.

पोर्ट किती घ्यावेत, याचं उत्तर डॅनिश गणिती एरलांग यांच्या १९१७च्या सूत्रातून मिळतं. गर्दीच्या तासात व्हॉइसमेलचा एकूण वापर अर्धा तास धरला, तर दोन पोर्ट असताना १००पैकी सात-आठ कॉलना जागा मिळत नाही. तीन घेतले तर जेमतेम एकाला. तिसऱ्या पोर्टचे पैसे मी तरी बिनदिक्कत खर्च करीन.

शेवटची सेटिंग पीबीएक्समधली, आणि नेमकी तीच राहून जाते. पेटीचे पोर्ट म्हणजे फोनच, त्यामुळे बाहेरचे नंबरही त्यांना फिरवता येतात. १२३४सारखा पिन ओळखून कुणी आत शिरला, तर तुमच्या बिलावर परदेशी कॉल करू शकतो. या पोर्टना बाहेरची लाइन बंद ठेवावी. नवा निरोप आल्याचं मोबाइलवर कळवायचं असेल, तर तेवढेच ठरावीक नंबर मोकळे करावेत.