६० ला जमतं, ११० ला फाटतं

ड्रमवरचं पॅराडिडल म्हणजे हातांचे फटके या क्रमाने: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा, बस. अमेरिकेतल्या पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने १९८४ साली ४० रुडिमेंट्सची यादी पक्की केली, ड्रमची बाराखडीच म्हणा ना, त्यातलं हे एक. मेट्रोनोम, म्हणजे लय धरायला क्लिक देणारं यंत्र, ६० वर (मिनिटाला ६० बीट) असेल तर कुणालाही पाच-दहा मिनिटांत येतं. मी रोज सरावाच्या रबरी पॅडवर ६० पासून सुरू करायचो, पाच-पाचने चढवत जायचो आणि ११० च्या आसपास ती जोडी, म्हणजे एकाच हाताचे लागोपाठचे दोन फटके, हमखास फाटायची, दुसरा फटका स्टिक नुसती घासल्यासारखा. कित्येक महिने वाटलं मनगटात दम नाही. दम होता, गणित कळलं नव्हतं.

एका बीटला चार फटके धरा. ६० ला दोन फटक्यांमध्ये २५० मिलिसेकंद मिळतात, १२० ला १२५, २०० ला फक्त ७५. आणि आवाज ऐकून साधी हालचाल करायलाच माणसाला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे ६० ला आपण एक फटका ऐकून पुढचा सावरू शकतो, १२० ला ऐकून कळेपर्यंत पुढचा पडून गेलेला असतो, तिथे मेंदूला अख्खा तुकडा आधीच जुळवून एकगठ्ठा हाताकडे सोडावा लागतो.

हाताचं पण तसंच. स्लो वाजवताना प्रत्येक फटक्याला मनगट वेगळं उचलतं, फास्टमध्ये मनगट एकदाच टाकतं आणि स्टिक उसळून परत येते तिला बोटांनी झेलून दुसरा फटका काढायचा असतो. चालणं आणि धावणं जसं वेगळं, ताशी ७ किलोमीटरच्या आसपास पाय आपोआप धावायला लागतात, कितीही जोरात चाललात तरी त्याने धावायची प्रॅक्टिस होत नाही. मी ६० ला रोज चालायचो आणि ११० ला पळता येत नाही म्हणून रडायचो!

मग आता करतो काय, तर लय स्लो पण तुकडा फास्ट. मेट्रोनोम ६० वरच, पण एका बीटच्या आत आठ फटके म्हणजे वरचं अख्खं पॅराडिडल १२० च्या स्पीडने उडवायचं, पुढच्या बीटवर एक फटका आणि थांबायचं, खांदे सैल, श्वास, मग परत. थांबणं मस्ट आहे, नाहीतर हात आवळतात आणि आवळलेल्या बोटांत स्टिक उसळतच नाही.

अजून एक गंमत. १९८० च्या दशकात स्कॉट केल्सो या शास्त्रज्ञाने लोकांना दोन्ही तर्जनी आलटून पालटून हलवायला सांगितल्या आणि स्पीड वाढवत नेला, तर एका टप्प्यावर बोटं हळूहळू नाही, एकदम एकत्र हलायला लागली. पुढे १९८५ मध्ये त्याचं गणितही मांडलं गेलं. सिंगल स्ट्रोक रोल, म्हणजे उजवा डावा उजवा डावा असे एकेक फटके, ताणला की माझे दोन्ही हात जवळजवळ एकत्र पडायला लागतात तेव्हा मला हेच आठवतं. म्हणून मी आता शिडी चढत नाही, फाटतं त्या आकड्याच्या खाली-वर फिरतो, १०४, ११४, १०६, ११८ असं.

तबलेवाले हे केव्हापासून करतायत, धा धा ते टे धा धा तू ना आधी ठायमध्ये म्हणजे संथ लयीत, मग थेट दुगुन म्हणजे दुप्पट, मग चौगुन. चोरपावलांनी वर जायची सोयच नाही.

बाकी फार स्लो पण सोपं नसतं बरं का. ४० ला दोन क्लिकमध्ये दीड सेकंद, तेवढ्यात मन भटकतं, आणि माणूस क्लिकच्या किंचित आधीच टॅप करतो, स्वतःला न कळता. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं मेट्रोनोमच बिघडलाय.