जागलीच्या रात्री वरून जाणारी पाखरं

सोयाबीनची सोंगणी झाली की गंजी वावरातच असते, आणि रानडुकरं, रोही यांच्या धाकाने कुणाला तरी जागलीला जावंच लागतं. ऑक्टोबरातल्या अशाच एका रात्री मी मामांसोबत मचाणावर होतो. पाऊस परतून आठवडा झालेला, आभाळ स्वच्छ. दोन-अडीचच्या सुमारास मामांनी एकदम हात वर केला. "आयकलं का? पाखरू व्हय ते. या दिवसांत रोजच जाते वरून."

मला फक्त रातकिडे ऐकू येत होते. मग पुन्हा एकदा, थेट डोक्यावर, चुटकीएवढा बारीक आवाज: ‘त्स्वीप’. काही क्षणांनी तोच दक्षिणेकडे, पुसट होत गेलेला. तो बहुधा पिवळा धोबी असावा. दिवसा ओलिताच्या वाफ्यात शेपटी हलवत फिरणारा हा पक्षी रात्रीच्या अंधारात आपल्या गावावरून जात असतो, हे त्या क्षणापर्यंत मला माहीत असूनही खरं वाटत नव्हतं.

आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत तीस देशांवरून पक्ष्यांची एक मोठी वाट जाते. तिला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात आणि विदर्भ या वाटेवरच आहे. धोबी, तिरचिमण्या, भारीट, माशीमार, वटवटे असे कितीतरी छोटे पक्षी सप्टेंबरपासून उत्तरेकडून आणि वायव्येकडून येतात. त्यातले बरेच रात्रीच प्रवास करतात. रात्री हवा थंड आणि शांत असते, सतत पंख मारून तापलेलं अंग निवतं. शिक्रे, ससाण्यांची भीती कमी. शिवाय दिवस मोकळा राहतो, उतरून पोट भरता येतं. दिशेसाठी तारे आहेत आणि पृथ्वीचं चुंबकत्वही त्यांना कळतं.

उडताना यातले काही पक्षी अधूनमधून एक छोटी हाक देतात. हे गाणं नव्हे. एका सेकंदाचा विसावा ते तिसरा भाग, एवढीच ती टिकते. अंधारात आजूबाजूच्यांचा ठाव राहावा, थवा विखुरू नये, यासाठी ती असावी असं अभ्यासक मानतात. हाक जातीगणिक वेगळी असते, म्हणून पक्षी न दिसताही ओळखता येतो.

या हाका मोजण्याची कल्पना जुनी आहे. १८९६ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मॅडिसन इथे ऑरिन लिबी यांनी एका रात्रीत नुसत्या कानांनी सुमारे ३,८०० हाका मोजल्या. १९५० च्या दशकात इलिनॉयमध्ये ग्रेबर आणि कॉक्रन यांनी टेपरेकॉर्डर लावला. पुढे बिल इव्हान्स यांनी प्लास्टिकच्या कुंडीत मायक्रोफोन ठेवून तोंडावर पातळ प्लास्टिक ताणलं. कुंडीमुळे बाजूचे आवाज अडतात, वरचे आत येतात, प्लास्टिकमुळे दव लागत नाही. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती आपल्याकडे कुठल्याही घरात करता येते.

आम्ही रंगाची रिकामी बादली घेतली. आत स्पंज, त्यावर तोंड वर केलेला साधा रेकॉर्डर, वरून स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक. ध्वनी एमपी३ मध्ये साठवायचा नाही, कारण फाइल लहान करताना नेमके बारीक आवाज खराब होतात. सेकंदाला २४,००० नमुने घेतले तर १२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपला जातो. बहुतेक हाका २ ते ९ किलोहर्ट्झमध्ये असल्याने तेवढं पुरतं. दहा तासांच्या रात्रीला साधारण पावणेदोन जीबी जागा लागते.

सकाळी दहा तास ऐकत बसायचं नाही, पाहायचं. स्पेक्ट्रोग्राममध्ये आवाजाचं चित्र होतं: आडवा वेळ, आणि आवाज जितका बारीक तितकी त्याची रेघ वर. आमच्या पहिल्या रात्रीच्या चित्रात मधोमध एक जाड, अखंड पट्टा होता. ते रातकिडे. थोड्याथोड्या वेळाने तळापासून माथ्यापर्यंत एक सरळ उभी रेघ, घड्याळासारखी नेमाने. ती काय हे कळायला मला दोन दिवस लागले. ती शेजारच्या धुऱ्यावरची, जनावरं अडवायला कुंपणाच्या तारेत थांबून-थांबून विजेचा झटका सोडणारी झटका मशीन होती! आणि या सगळ्या गर्दीत, पट्ट्याच्या वरच्या काठाला, नखाच्या कोरीएवढी एक तिरकी रेघ. वेळ पाहिली, आवाज मोठा करून लावला: ‘त्स्वीप’. तिरचिमणीची हाक ‘झीझ’ अशी असते, तिची रेघही खरखरीत दिसते. टिटवी मात्र नवख्याला हमखास फसवते, कारण ती इथलीच असूनही रात्री डोक्यावरून ओरडत जाते.

ऑक्टोबरातले रातकिडे ही आपल्याकडची मोठी अडचण आहे. त्यांचा आवाज छोट्या पक्ष्यांच्या हाकांच्याच पट्टीत येतो. किडे गार हवेत मंदावतात, म्हणून थंडी पडू लागल्यावरच्या रात्री जास्त स्वच्छ मिळतात. संगणकाची मदतही अजून तोकडी आहे. रात्रीच्या हाका शोधणारी नाइटहॉकसारखी प्रणाली अमेरिकेतल्या पक्ष्यांवर शिकलेली आहे, इथल्या नाही. तिला आपले भारीट, आपल्या तिरचिमण्या शिकवायच्या तर आधी इथल्या रात्री ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात.

मोजताना घाई करू नये. दहा हाका म्हणजे दहा पक्षी नव्हेत, एकच पक्षी जाता जाता तीनदा बोलू शकतो. ढग खाली आले की हाका वाढतात. आणि वटवट्यांसारखे पुष्कळ पक्षी रात्री जवळजवळ मुकेच जातात. आपल्या जंगलात पावसाळ्यात घरटं करणारा नवरंग रातोरात दक्षिणेकडे, श्रीलंकेपर्यंत जातो. तो आपल्याला कळतो तो बहुतेक वेळा भिंतीवर आपटून अंगणात दमून बसलेला सापडतो तेव्हा.

उजेडाचा प्रश्न मला म्हणूनच अस्वस्थ करतो. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आभाळात प्रकाशझोत सोडतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सात रात्रींत सुमारे ११ लाख पक्ष्यांवर त्या झोतांचा परिणाम झाला. पक्षी उजेडात गोल फिरत राहिले आणि सारखे ओरडत राहिले. झोत बंद केले की काही मिनिटांत पांगले. शिकागोत इमारतींवर आपटून मेलेल्या पक्ष्यांच्या चाळीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रात्री हाका देणाऱ्या जातीच जास्त आपटलेल्या आढळल्या. एक भरकटलेला पक्षी हाक देतो आणि बाकीच्यांनाही त्या उजेडाकडे ओढतो, असा त्याचा अर्थ लावतात. आपल्या गावागावांतल्या चौकात आता हायमास्ट दिवे लागले आहेत, रात्रभर आभाळाकडेही उजेड फेकणारे. स्थलांतराच्या दिवसांत मध्यरात्रीनंतर ते बंद ठेवायला, निदान खाली झाकायला काय हरकत आहे? आमच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे.

मामांचा सकाळी फोन येतो. "काल तीनच्या आधी दोनदा, लागोपाठ. मंग काहीच नाही." मी फाइल उघडतो. दोन वाजून बावन्न मिनिटं: रातकिड्यांच्या पट्ट्यावर दोन तिरक्या रेघा, दुसरी जरा फिकट.