श्वसन-स्नायू प्रशिक्षण

श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंना मोजून-मापून अडथळा देऊन त्यांची ताकद आणि दमसास वाढवण्याची फिजिओथेरपीतील पद्धत. फुफ्फुस आपणहून फुगत नाही. श्वासपटल खाली सरकते, बरगड्यांमधले स्नायू छातीचा पिंजरा उचलतात, तेव्हा हवा आत येते. हे स्नायूही हातापायांच्या स्नायूंसारखेच व्यायामाने बळकट होतात, हे लीथ आणि ब्रॅडली या संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिले.

ठाणे-नवी मुंबईत हे काम रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागांत आणि गल्लीबोळांतल्या छोट्या क्लिनिकांतही चालू शकते. उपकरण तळहाताएवढे असते. नेरूळ आणि कामोठे इथे फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. येणारा रुग्ण ‘स्नायू अशक्त आहेत’ असे कधी म्हणत नाही. स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावे लागते, असे तो सांगतो. धाप हृदयामुळे, रक्त कमी असल्याने किंवा वजनामुळेही लागू शकते, म्हणून आधी डॉक्टरांची तपासणी आणि मग मोजमाप.

मोजमापासाठी रुग्णाला ताठ बसवून नाकाला चिमटा लावतात. ‘सगळी हवा बाहेर सोडा, आता ओढा, ओढा, सोडू नका!’ असा फिजिओचा आवाज चढतो आणि बंद नळीतून ओढलेला दाब सेंमी पाण्याच्या एककात (तो दाब पाण्याचा स्तंभ किती सेंटीमीटर उचलेल, त्यावरून) नोंदला जातो. पहिला आकडा सहसा खरा नसतो. एकमेकांशी जुळणारे प्रयत्न मिळेपर्यंत पुन्हा ओढायला लावतात. समजा सर्वोत्तम दाब ६० आला, तर त्याच्या ३० टक्के, म्हणजे १८ वर सुरुवात करता येते. उपकरणातली स्प्रिंगची झडप तेवढा दाब निर्माण झाल्याशिवाय उघडतच नाही. बारीक छिद्राच्या साध्या उपकरणात मात्र सावकाश ओढून चोरटेपणा करता येतो. ३० श्वास, दिवसातून दोनदा, ही रूढ मात्रा. ताकद वाढेल तशी स्प्रिंग घट्ट करायची. ती महिनाभर जागची हलली नसेल, तर प्रशिक्षण थांबलेच म्हणायचे.

करोनाकाळात घरोघरी आलेले तीन चेंडूंचे स्पायरोमीटर हे नव्हे. त्यातले चेंडू बहुधा सेकंदाला ६००, ९०० आणि १२०० मिली हवेच्या वेगाला उचलले जातात. ते खोल श्वासाला उत्तेजन देते; ठरवलेला, वाढवत नेता येणारा भार देत नाही. ‘रोज तिन्ही बॉल वर नेतो’ म्हणणाऱ्याचा उत्साह मोडू नये, पण त्याला ताकदीचा व्यायामही म्हणू नये. अनुलोम-विलोमचेही तेच: श्वासाची लय साधते, भार मोजता येत नाही.

उपयोग सर्वांत ठळक दिसतो तो हृदयशस्त्रक्रियेपूर्वी. नेदरलँड्समध्ये बायपासच्या जास्त जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी किमान दोन आठवडे प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी १८ टक्क्यांना, तर न घेतलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना फुफ्फुसाची गुंतागुंत झाली. सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजारात, चित्र धूसर आहे: २०१८ च्या युरोपीय चाचणीत स्नायूंची ताकद वाढली, पण नेहमीच्या पुनर्वसन व्यायामात याची भर घातल्याने सहा मिनिटांत चालण्याचे अंतर काही जास्त वाढले नाही. त्यामुळे चालणे आणि पायांचे व्यायाम सोडून नुसती नळी ओढत बसण्यात अर्थ नाही.

फुफ्फुसाभोवती नुकतीच हवा साठून गेली असेल किंवा कानाचा पडदा फाटला असेल, तर हे प्रशिक्षण टाळतात. चक्कर आली, छातीत दुखले, तर लगेच थांबवतात. मुखनळी प्रत्येकाची वेगळी असावी लागते.