उद्यान आरक्षणे आणि नागरिकांच्या हरकती-सूचना

शहरातील वस्त्यांमध्ये बागा, मैदाने व मोकळ्या जागा पुढील वीस वर्षांसाठी कोठे आणि किती राखायच्या, हे ठरवताना नागरिकांचे म्हणणे ऐकून घेण्याची महाराष्ट्रातील कायदेशीर पद्धत. तिचा आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. या कायद्यात बागेसाठी वेगळी योजना नसते. बाग शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे बोलीतल्या ‘डीपी’त, एखाद्या भूखंडावरचे आरक्षण म्हणून, म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवलेली जागा म्हणून येते. त्यामुळे घराजवळच्या बागेविषयी बोलू पाहणाऱ्याला आधी नकाशा वाचता यावा लागतो. सर्व्हे नंबर शोधायचा, आरक्षणाचा संकेत ओळखायचा आणि मग मुदतीच्या आत अर्ज द्यायचा. लोकांना काय हवे, हा प्रश्न या पद्धतीत जवळजवळ कधीच थेट विचारला जात नाही. महापालिकेने काढलेल्या रेषांवर काय हरकत आहे, एवढेच विचारले जाते.

आराखड्याची सुधारणा कायद्याने २० वर्षांतून किमान एकदा व्हावी लागते. आधी प्रत्यक्ष जमीनवापराचा नकाशा तयार होतो, मग प्रारूप आराखडा. कलम २६ खाली तो प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या जातात. कलम २८ नुसार नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. समितीच्या अहवालानंतर आराखडा महापालिकेसमोर आणि शेवटी राज्य शासनाकडे जातो. मंजुरीचा अंतिम अधिकार शासनाचा असल्याने सुनावणीत मान्य झालेली सूचना वर गेल्यावर टिकेलच, असे नाही.

किती बाग पुरेशी, याचे मापदंड केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दिले आहेत : साधारण ५,००० वस्तीसाठी अर्धा हेक्टर, १५,००० वस्तीसाठी एक हेक्टर आणि एक लाख वस्तीसाठी पाच हेक्टरांचे उद्यान. एकूण मोकळी जागा माणशी १० ते १२ चौरस मीटर धरली आहे. मुंबईसाठी नेहमी सांगितला जाणारा आकडा माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपासचा आहे. हरकतींमागची तळमळ या तफावतीतून येते. दाट वस्तीच्या विभागात एक आरक्षण उठले, तर तेवढ्या आकाराचा दुसरा मोकळा तुकडा जवळपास उरलेलाच नसतो.

या पद्धतीची सर्वांत मोठी कसोटी मुंबईच्या २०१४–२०३४ या कालावधीच्या आराखड्यात लागली. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात वारसा-वास्तू गाळल्या गेल्या होत्या, उभ्या इमारतींवरून रस्ते काढले होते आणि आरे वसाहतीच्या हिरव्या पट्ट्यात बांधकामाला वाट करून दिली होती. सुमारे ६५,००० हरकती आल्या. त्याआधी जमीनवापराच्या नकाशावरच नागरिक-गटांनी चुका दाखवायला सुरुवात केली होती, आणि कोणत्या भूखंडावर प्रत्यक्षात मैदान आहे हे त्या त्या वस्तीतल्या माणसांनीच पालिकेला सांगितले. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हे प्रारूप बाजूला ठेवून सुधारणा करण्याचा आदेश दिला. २०१६ च्या सुधारित प्रारूपावर पुन्हा ८०,००० च्या वर हरकती-सूचना आल्या. मे २०१८ मध्ये आराखड्याला शासनाची मंजुरी मिळाली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. २०१४ चा आराखडा २०१८ साली लागू होतो, तेव्हा पहिली चार वर्षे कोणाची, हे विचारण्याची सोय कायद्यात नाही.

हजारोंचे हे आकडे मात्र जपून वाचले पाहिजेत. एकाच मजकुराचे छापील अर्ज सह्या करून गठ्ठ्याने दिले जातात. शिवाय ज्याच्या जमिनीवर बागेचे आरक्षण पडले तो मालकही हरकतच घेतो. त्याच्याकडे वकील आणि वास्तुविशारद असतो. त्या मैदानावर संध्याकाळी खेळणारी मुले, दुपारी सावलीला बसणारे सुरक्षारक्षक आणि घरकाम करणाऱ्या बाया या नोंदीत क्वचितच सापडतात.

पुण्यात जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७,००० हरकती आल्या. २०१५ मध्ये शासनाने आराखडा स्वतःच्या हाती घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर केला. १९९७ साली हद्दीत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाचे आरक्षण त्याहून लांबले. नागरिक संघटनांनी ते वर्षानुवर्षे लावून धरले. मंजुरी २०१५ मध्ये मिळाली. पण आरक्षण मंजूर होणे आणि जमीन ताब्यात येणे यांत मोठे अंतर असते. जमीनमालकांना मोबदला किती द्यायचा, हा वाद मंजुरीने मिटला नाही.

खरी गळती आराखडा मंजूर झाल्यानंतर सुरू होते. कलम १२७ नुसार दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे जमीन घ्या नाहीतर सोडा अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होते. ही मुदत २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिने झाली. गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले की, नुसता पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे. आरक्षण असे व्यपगत होताना परिसरातील लोकांना विचारण्याचा टप्पाच नाही. मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली होणाऱ्या किरकोळ फेरबदलात तो आहे, पण राजपत्रातली आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची सूचना किती जणांच्या दृष्टीस पडते? वीस वर्षांतून एकदा लोक जागे होतात आणि जागा जातात त्या मधल्या काळात.

रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे का, या प्रश्नाचे ठाम उत्तर बंगळूरच्या खटल्यातून मिळाले. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याच्या निर्णयाविरुद्ध रहिवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्ट खटल्यात तो निर्णय रद्द ठरवला आणि रहिवाशांचा अधिकार मान्य केला. महाराष्ट्रातही या निकालाचा आधार घेतला जातो.

बाग झाल्यावर तिच्या आत काय असावे, यावर लोकांना बोलायला जागा आणखी कमी. पुणे महापालिकेने २००६ पासून सहभागी अंदाजपत्रकाचा प्रयोग चालवला. नागरिक प्रभागातील छोटी कामे अर्जाने सुचवतात, त्यांत बाके, दिवे, पदपथ असतात. २००९ च्या कायदेदुरुस्तीने आलेली क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातील एका भागाच्या मतदारांची सभा, याहून पुढे जाऊ शकली असती, परंतु ती बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. परिणामी मैदानाची बाग होते, तिला फाटक व वेळा लागतात, कारंजे बसते, आणि चेंडू घेऊन आलेल्या मुलांना बाहेर काढले जाते. देखभालीसाठी मोकळ्या जागा खासगी संस्थांना देण्याच्या मुंबईतील धोरणावर जानेवारी २०१६ मध्ये असाच वाद पेटला. महापालिका सभेने धोरण मंजूर केल्यावर नागरिकांनी कडाडून विरोध केला आणि मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली.