त्स्वेकफेरबांट : जर्मन पालिकांची सामाईक संगणकसेवा

एखादे ठरावीक काम मिळून करण्यासाठी जर्मनीतील पालिका व जिल्हे जो संघ स्थापन करतात, तो त्स्वेकफेरबांट. त्याला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असते. पाणीपुरवठा, मैलानिचरा यांसाठीही असे संघ आहेत. ही नोंद संगणकसेवेपुरती आहे. जर्मन ‘गेमाइंडे’त आपली ग्रामपंचायत व नगरपालिका दोन्ही येतात, येथे ‘पालिका’ हा शब्द त्याच व्यापक अर्थाने घ्यावा.

उगमाबद्दल दोन मते संभवतात. पहिल्यानुसार प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याने १९ जुलै १९११ रोजी केलेल्या संघविषयक कायद्यात या प्रथेचे मूळ आहे. त्या कायद्याने सांगाडा दिला हे खरे. पण संगणकसेवेतील भागीदारी मोठ्या संगणकांच्या न परवडणाऱ्या किमतीतून आली, म्हणून तिचा आरंभ साधारणतः १९६० नंतरचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया या राज्याचा पालिका-सहकार्य कायदा १९६१ चा आहे. बव्हेरिया राज्यात १९७१ मध्ये स्थापन झालेली, पालिकांना संगणकसेवा देणारी ‘आकाडेबे’ (AKDB) याच गरजेतून निघाली. मात्र ती संघ नसून सार्वजनिक कायद्याखालील संस्था आहे.

संघ न स्थापताही साध्या करारावर काम भागते. अशा करारात एका पालिकेने दुसरीचे काम स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायचे, की केवळ तिच्या वतीने पार पाडायचे, हा भेद कळीचा आहे. दुसऱ्या प्रकारात हक्क व कर्तव्ये मूळ पालिकेकडेच राहतात.

निविदेशिवाय असा करार करता येतो का, यावर बराच वाद झाला. बर्लिनने अग्निशमन दलाच्या कामाचे सॉफ्टवेअर सहकार्य कराराने कोलोनला विनामूल्य दिले. सुधारणाही परस्परांना विनामोबदला द्यायच्या ठरल्या. अशी प्रणाली पुरवणाऱ्या एका कंपनीने हरकत घेतली. युरोपीय न्यायालयाने २८ मे २०२० रोजी (खटला सी-७९६/१८) म्हटले की पैसे दिले-घेतले नसले तरी परस्पर देवाणघेवाण हाच मोबदला, म्हणून हा खरेदी करारच ठरतो. तरीही सार्वजनिक संस्थांमधील सहकार्याची सूट त्याला मिळू शकते, आणि मुख्य सेवेला पूरक असे कामही त्या सहकार्यात बसते. अट अशी की कोणा खासगी कंपनीला त्यातून झुकते माप मिळता कामा नये. मूळ विक्रेत्यालाच पुढची सारी कामे जाऊ नयेत, यासाठी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे ज्यात बदल करता येतात ती मूळ आज्ञावली, इतर इच्छुक निविदाकारांनाही मिळायला हवा. निकालाचा हा भाग सर्वांत मोलाचा आहे. त्याशिवाय भागीदारीच्या नावाखाली मक्तेदारी पोसली जाते.

एकत्र येण्यातला धोका ‘झ्युडवेस्टफालेन-आयटी’च्या प्रसंगात दिसला. झीगन व हेमर येथील दोन केंद्रे जोडून २०१८ मध्ये हा संघ झाला. ३० ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे ‘अकिरा’ टोळीचा खंडणीसाठीचा सायबर हल्ला लक्षात येताच संघाने सर्व जोडण्या स्वतःच तोडल्या आणि सत्तरहून अधिक पालिका व जिल्ह्यांचे संगणक एकदम थंडावले. वाहननोंदणी अडली, जन्म-मृत्यू-विवाह नोंदींची कामे खोळंबली. नवी गाडी घेतलेल्या माणसाला नंबर मिळेना, आणि त्याच्या पालिकेच्या हाती स्वतःचे असे काहीच नव्हते. तपासात आढळले की हल्लेखोर व्हीपीएनमधून, म्हणजे बाहेरून यंत्रणेत येण्याच्या सुरक्षित मानलेल्या जोडणीतून शिरले. तेथे पासवर्डखेरीज ओळख पटवण्याची दुसरी पायरीच नव्हती. खंडणी दिली गेली नाही. सेवा पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागले.